आधी मागचा कागद वाचा: घरच्या विनाईल कटरवर बारीक अक्षरं कापताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी छोटा विनाईल कटर, म्हणजे स्टिकरचं चिकट प्लास्टिक ब्लेडने कापणारं मशीन, आहे आणि मोठे आकार ठीक कापले जातात. पण बारीक, १२ मिमी उंचीची देवनागरी अक्षरं सोलताना, म्हणजे भोवतालचं नको असलेलं विनाईल काढताना, उचकटतात, कोपरे गोलसर येतात, काचेवर लावताना फुगे राहतात आणि काही दिवसांनी स्टिकरच्या कडा उचलतात. शिवाय उरलेल्या तुकड्यांवर काय प्रयोग करता येतील, हेही तुम्ही विचारलंय. एकेक घेते. मात्र सगळ्यात जास्त वेळ ब्लेडवर घालवणार आहे, कारण तुमच्या चारपैकी दोन तक्रारी तिथेच सुटतील.

अक्षरं उचकटायला लागली की बहुतेक जण दाब वाढवतात. मग आणखी उचकटतात, म्हणून ब्लेड थोडं अजून बाहेर काढतात. इथून काम बिघडत जातं. विनाईलची जाडी किती असते ते लक्षात घ्या. ओराफॉल कंपनीचं ओराकॅल ६५१ हे नेहमीच्या वापरातलं विनाईल ६३ मायक्रॉनचं आहे, म्हणजे एक मिलिमीटरच्या सोळाव्या भागाइतकं. त्याच कंपनीचं ६३१, जे बिनचकाकीचं (मॅट) असतं आणि नंतर काढता येतं, ते ८० मायक्रॉनचं. ब्लेडला खरं काम एवढ्याच जाडीत करायचं असतं. ते मिलिमीटरभर बाहेर आलेलं असेल तर विनाईल कापून त्याला खालून चिकटलेल्या मागच्या कागदात रुततं, वळणावर अडकतं आणि बारीक अक्षर कापण्याऐवजी ओढत नेतं. वेलांटीचं टोक वाकडं दिसतं ते यामुळेच.

म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्याआधी मागचा कागद बघायची सवय लावा. चाचणीचा तुकडा कापा, विनाईल सोलून काढा आणि कागद उजेडाकडे तिरका धरा. कागदावर नखाच्या ओरखड्यासारखी पुसट रेघ सगळीकडे सारखी दिसली की काम बरोबर झालं. रेघ बोटाला खोल लागत असेल किंवा पाठीमागून उठून दिसत असेल, तर ब्लेड जास्त बाहेर आहे. रेघच नसेल आणि विनाईल दोऱ्यासारखं ताणून तुटत असेल, तर कमी पडतंय. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल, तर दोष सेटिंगचा नसतो. ब्लेडखालची पांढरी पट्टी झिजून तिच्यात चर पडलेला असतो, किंवा विनाईल ठेवायची चिकट चटई (कटिंग मॅट) वापरत असाल तर तिच्यावर एका जागी जुने काप साठलेले असतात. त्या पट्टीकडे कुणी बघत नाही, आणि ती बदलायला मिनिटंही लागत नाहीत.

ब्लेडची उंची ठरवायची माझी पद्धत हाताची आहे. होल्डर, म्हणजे ब्लेड बसवलेली नळी, मशीनमधून काढा, ब्लेड जवळजवळ दिसेनासं होईपर्यंत आत घ्या आणि विनाईलच्या तुकड्यावर हाताने, होल्डर उभा धरून, लिहिताना देतो तेवढ्या दाबाने रेघ ओढा. कापलं नाही तर थोडं बाहेर, पुन्हा रेघ. विनाईल कापलं गेलं आणि कागदावर फक्त पुसट खूण उठली की तिथे थांबा. आता होल्डर मशीनमध्ये लावा आणि पुढचं सगळं दाबावर सोडा. दाब कमीत कमी ठेवून सुरुवात करा आणि एकेक पायरी वाढवत छोटे चौकोन कापा. प्रत्येक चौकोनाच्या आत एक गोल असू द्या. जो पहिला चौकोन आणि त्यातला गोल दोन्ही स्वच्छ सुटतील, तो तुमचा दाब. दुसऱ्याच्या मशीनवरचा आकडा विचारू नका. घरच्या कटरवर दाबाचे आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, आणि त्याच मशीनवर ब्लेड जुनं झालं की तुमचा स्वतःचा आकडाही बदलतो.

आता कोपऱ्यांचं. कटरमधलं ब्लेड पेनसारखं जागेवर टोक टेकवून चालत नाही. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं दांड्याच्या मागे राहून फिरतं, तसं ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यापासून थोडं मागे असतं आणि ओढलं जाईल त्या दिशेला वळतं. या अंतराला ऑफसेट म्हणतात. नेहमीच्या ४५ अंशांच्या ब्लेडसाठी तो बहुधा ०.२५ मिमी असतो. ६० अंशांच्या ब्लेडचा वेगळा असू शकतो, म्हणून ब्लेडच्या पाकिटावर बघून घ्या. सॉफ्टवेअरला हा आकडा माहीत असेल तर कोपऱ्याशी ते होल्डरला किंचित पुढे नेऊन ब्लेड वळवतं आणि मग नव्या दिशेला निघतं. आकडा कमी भरला तर कोपरा गोल होतो. जास्त भरला तर कोपऱ्याबाहेर छोटा कान निघतो. गोल आकाराची सुरुवात आणि शेवट जुळत नसेल तर तेही बहुतेक वेळा इथूनच येतं.

तुमच्या मशीनमध्ये हा आकडा बदलायची सोय नसेल तर होल्डर उघडा. आत विनाईलचा केसाएवढा तुकडा किंवा गोंद अडकलेला असतो आणि ब्लेड मोकळं फिरत नाही. ब्लेड बाहेर काढून फुंकर मारा, टोक कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा बसवून बोटाने हलकेच फिरवून बघा. गोल कोपऱ्यांच्या किती तरी तक्रारी एवढ्याने मिटतात. आणखी एक: काम सुरू होताना ब्लेडचं तोंड कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून डिझाइनच्या बाहेर, कोपऱ्यात, एक छोटी फालतू रेघ आधी कापू द्या. ब्लेड त्या रेघेवर सरळ होतं आणि पहिलं अक्षर वाचतं.

देवनागरीच्या बाबतीत मशीनइतकीच फाइलही महत्त्वाची. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षराच्या रेघेवर किंचित चढलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते. कटरला मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कळते, आणि तो दर जोडाशी शिरोरेघेत उभा काप घालतो. मग शब्द सोलताना अक्षरं सुटी होऊन येतात आणि दोष ब्लेडवर जातो. इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर आधी पाथमध्ये, म्हणजे नुसत्या कडांच्या आकारात, बदला, गट सोडवा, मग सगळी अक्षरं निवडून युनियन करा, म्हणजे ती जोडून एकच आकार होतो. त्यानंतर आउटलाइन दृश्यात, जिथे फक्त कडा दिसतात, बघा. शिरोरेघेच्या आत एकही आडवी-उभी रेघ उरलेली दिसता कामा नये. अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल तर शिरोरेघेत फटी पडतात. त्या फटींवर हाताने आयत काढून तोही युनियनमध्ये घ्या.

एकदा हे नीट झालं की देवनागरी कापायला उलट सोपी आहे. अख्खा शब्द शिरोरेघेला लटकलेला असतो, त्यामुळे ट्रान्सफर टेपवर (अक्षरं कागदावरून उचलून जागेवर लावायची चिकट टेप) घेताना आणि लावताना तो एका तुकड्यासारखा चालतो. त्रास देतात ते सुटे भाग: अनुस्वार, चंद्रबिंदूतला ठिपका, नुक्ता. ठिपका २ मिमीपेक्षा लहान असेल तर मी तो मोठाच करते. दिसायला फरक पडत नाही आणि सोलताना तो जागेवर राहतो. सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरकट असेल तर तो सुरू करा. ब्लेड सुरुवातीच्या जागेवरून थोडं पुढे जाऊन थांबतं, आणि अनुस्वार एका धाग्याने बाकीच्या विनाईलला चिकटून त्याच्याबरोबर उठत नाही. रफाराचं टोक, उकाराची शेपटी आणि पाय मोडल्याची खूण यांची जाडी १ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. सुलेखनाच्या धर्तीचा फॉन्ट असेल तर त्याची टोकं फार निमुळती असतात. पाथला किंचित बाहेर फुगवलं की ती बरी होतात.

चित्रावरून ट्रेस करत असाल, म्हणजे सॉफ्टवेअरकडून चित्राच्या कडा काढून घेत असाल, तर नोड, म्हणजे त्या कडेवरचे बिंदू, मोजा. खडबडीत ट्रेसमध्ये एका वळणावर शेकडो नोड येतात, ब्लेड प्रत्येक ठिकाणी थरथरतं आणि कड करवतीसारखी येते. नोड कमी करणारी सिम्प्लिफाय ही आज्ञा एकदा किंवा दोनदा द्या, मग डोळ्यांनी तपासा. सलग काढलेली एक रेघ ट्रेस केली की तिच्या दोन्ही कडांच्या दोन रेघा मिळतात, हेही लक्षात असू द्या.

आता सोलणं. कापल्यावर लगेच सोला. उद्यावर ठेवू नका. गोंद हळूहळू वाहतो आणि कापलेल्या फटीत पुन्हा जुळून येतो, उकाड्यात तर अधिकच. हे स्वतः बघण्यासारखं आहे: एकाच पट्टीवर तेच अक्षर दोनदा कापा, एक तेव्हाच सोला आणि दुसरं दोन दिवसांनी. दुसऱ्याच्या कडांना गोंदाचे धागे दिसतील. सोलताना विनाईल सरळ वर उचलू नका. ते स्वतःवर दुमडून, कागदाला जवळजवळ टेकवत मागे न्या, तिरक्या दिशेने, वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्याकडे. शिरोरेघेला समांतर ओढलं तर लांबलचक कड एकदम सुटायला बघते आणि रेघ उचलते. तिरकं नेलं की ती थोडी थोडी मोकळी होते. शब्दांच्या मधून एक-दोन जादा रेघा कापून ठेवल्या तर नको असलेला भाग लहान तुकड्यांत निघतो आणि चिकटून परत पडत नाही. पांढऱ्यावर काप दिसत नसतील तर वरून थोडी टाल्कम पावडर चोळून पुसा. कापात ती अडकते आणि रेघा दिसू लागतात.

फुग्यांचा प्रश्न बहुतेक वेळा पृष्ठभाग आणि टेप यांचा असतो. काच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. चकाकीसाठी काही घातलेले काच-क्लीनर थर सोडतात आणि गोंद त्या थराला चिकटतो. ट्रान्सफर टेप डिझाइनवर लावताना मधून बाहेर, स्क्वीजी (घासायची चपटी प्लास्टिक पट्टी) साधारण ४५ अंशांत धरून घासा. मग सगळं उलटं करा आणि टेपसकट विनाईल ओढण्याऐवजी विनाईलवरून मागचा कागद सोलून काढा. अक्षर कागदाबरोबर निघू लागलं तर कागद परत खाली बसवून तेवढी जागा नखाने घासा. टेपचा गोंद निवडतानाही विचार हवा. जास्त चिकट टेप बिनचकाकीच्या विनाईलचा पृष्ठभाग खराब करू शकते आणि लावल्यावर अक्षर स्वतःबरोबर परत उचलते. तशी टेप हाती असेल तर ती आधी स्वच्छ सुती कापडावर दोन-तीनदा चिकटवून काढा. तिचा जोर कमी होतो.

मोठा तुकडा लावताना मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी लावून बिजागरी करा. एक अर्धा उचला, त्याचा कागद काढून कापून टाका, मधून कडेकडे घासत बसवा, मग पट्टी काढून दुसरा अर्धा. एवढं केलं तर साध्या आकारांना पाण्याची गरज पडत नाही. सलग रंगाचं मोठं क्षेत्र असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून काचेवर फवारा आणि त्यावर सरकवून जागेवर आणा. अशा वेळी कागदी टेप वापरा, कारण पारदर्शक प्लास्टिकच्या टेपखाली पाणी अडकतं. पाणी नीट काढल्यावर लगेच टेप ओढू नका, थांबा. ज्या विनाईलचा गोंद पाण्यावर आधारित आहे ते कोरडंच लावा. उरलेला छोटा फुगा कडेपर्यंत ढकलत नेण्यापेक्षा बारीक सुईने टोचून बोटाने दाबा. खूण दिसत नाही.

कडा उचलण्यामागे बहुधा माल असतो, आणि हे तुमच्या हातात नसलं तरी निवड हातात आहे. विनाईल दोन तऱ्हांनी बनतं. कॅलेंडर केलेलं विनाईल गरम रोलरांमधून दाबून, ताणून पातळ करतात. तो ताण आत साठून राहतो आणि नंतर, विशेषतः उन्हात, फिल्म हळूहळू आखडते. कास्ट विनाईल द्रव रूपात पसरवून सुकवतात, म्हणून त्यात असा ताण जवळपास नसतो. ६५१ कॅलेंडर केलेलं आहे, ७५१ कास्ट. सपाट पृष्ठभागासाठी ६५१ अगदी पुरेसं आहे. वळणदार पृष्ठभागावर, खाचाखोचांवर किंवा वर्षानुवर्षं उन्हात राहणाऱ्या कामाला मी कास्टच घेते, तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

आखडणं डोळ्यांनी बघायचं असेल तर हा प्रयोग कराच. वेगवेगळ्या रोलचे सारखे चौकोन एका पत्र्याच्या तुकड्यावर लावा, प्रत्येकावर धारदार सुरीने अधिकचं चिन्ह कापा आणि पत्रा उन्हात ठेवून द्या. काही आठवड्यांनी ज्या विनाईलमध्ये फुली उघडून खालचा पत्रा दिसू लागेल, ते किती आखडतं हे तुमच्यासमोर असेल. लांब शिरोरेघेची टोकंच आधी का सुटतात, हेही त्यातून समजतं: जितकी पट्टी लांब, तितकं आखडणं टोकाशी जमा होतं. म्हणून शिरोरेघेची टोकं आणि चौकोनी स्टिकरचे कोपरे २-३ मिमी त्रिज्येने गोल करून ठेवा. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उठतो.

पृष्ठभागही बघा. पॉलिप्रोपिलीन, पॉलिथिलीन आणि सिलिकॉन यांवर नेहमीचं विनाईल टिकत नाही, कितीही पुसलं तरी. ताज्या रंगाच्या भिंतीवर किंवा वस्तूवर निदान तीन आठवडे थांबा. रंगातून बाहेर पडणारी वाफ गोंदाखाली फुगे करते. खूप थंडीत लावू नका, ६५१ ला ८ अंश सेल्सिअसच्या वर लावायला सांगतात. आणि लावल्यावर एक-दोन दिवस धुऊ नका, गोंदाची पकड तेवढ्या वेळात वाढत जाते.

दोन रंगांच्या कामात नवखे लोक एकावर एक पूर्ण आकार चढवतात. त्यापेक्षा खालच्या रंगात वरच्या आकाराची जागा कापून घ्या आणि वरचा रंग फक्त ०.५ ते १ मिमी खालच्यावर चढू द्या. जाडी कमी राहते, कडेला हवा अडकत नाही, आणि खालचा रंग थोडा आखडला तरी फट दिसत नाही. चमकणारं धातूसारखं विनाईल नेहमी सगळ्यात वर ठेवा, त्यावर दुसरं काही लावलं की खालचा आकार उठून दिसतो. रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे प्रकाश परत फेकणाऱ्या, विनाईलमध्ये काचेचे सूक्ष्म मणी असतात आणि ते ब्लेड लवकर बोथट करतात. त्यासाठी जुनं ब्लेड वेगळं ठेवा आणि वेग अर्ध्यावर आणा.

उरलेल्या तुकड्यांचा सगळ्यात आनंदाचा उपयोग मला मुखवटा म्हणून वाटतो. काचेवर उलटं सोला, म्हणजे अक्षरं काढा आणि भोवतालचं विनाईल ठेवा, मग उघड्या जागेवर एचिंग क्रीम लावा. काच कायमची धूसर होते. ही क्रीम फ्लोराइडच्या संयुगांवर चालते, म्हणून हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि मोकळी हवा हवीच, आणि मुलांच्या हातात ती देऊ नये. लाकडावर किंवा कापडावर रंगवायचं असेल तर आधी विनाईलच्या कडेवरून खालच्याच रंगाचा एक पातळ हात फिरवा. कडेखाली जाणारा रंग तोच असतो, फटी बुजतात, मग वरचा वेगळा रंग आत शिरत नाही आणि कड सुरीने कापल्यासारखी येते. रंग पूर्ण वाळायच्या आधी, थोडा ओलसर असतानाच, मुखवटा मागे दुमडत काढा. इथे ‘ब’, ‘व’, ‘ष’ यांच्या पोटातली बेटं टेपवरच सोबत येतात, त्यामुळे त्यांना जोडण्या द्यायची गरज नाही. पुन्हा पुन्हा वापरायचा प्लास्टिकचा स्टेन्सिल करणार असाल तर मात्र प्रत्येक बेटाला पूल लागेल.

खाण्यापिण्याच्या भांड्यांवर स्टिकर लावत असाल तर तो बाहेरच्या बाजूला आणि ओठ लागतो त्या कडेपासून बराच खाली ठेवा. जुना स्टिकर काढताना हेअर ड्रायरने कोमट करा आणि पृष्ठभागाला जवळ, चपट्या कोनात हळू ओढा. गोंद राहिला तर अल्कोहोल चालतं, पण रंगवलेल्या वस्तूवर आधी लपलेल्या कोपऱ्यात तपासून बघा.

एका गोष्टीत मात्र प्रयोग करू नका. कुणाकडे लेझर कटर असेल आणि त्यावर विनाईल कापून बघू या असं सुचवलं तर साफ नकार द्या. विनाईल म्हणजे पीव्हीसी, आणि ते जळालं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनचे लोखंडी भागही गंजवतो.

तुम्ही म्हणालात की अक्षरं १२ मिमी उंचीची आहेत. पुढच्या वेळी हाताने उंची ठरवलेलं ब्लेड, कमी दाब, निम्मा वेग, युनियन केलेली फाइल आणि २ मिमीचे अनुस्वार एवढं घेऊन एकच शब्द कापा. तो स्वच्छ सुटला की दाब आणि वेग त्याच तुकड्याच्या मागच्या कागदावर लिहून रोलच्या आत ठेवून द्या. तरीही उचकटला तर मागच्या कागदाचा तिरक्या उजेडात काढलेला फोटो पाठवा, त्यावरून नेमकं काय बदलायचं ते सांगता येईल.